साहेबाचं बिनतिखटाचं ताट

ठकूमावशीच्या घरी वर्षातून एकदा मटणाचा रस्सा बिनतिखटाचा होत असे, आणि त्या दिवशी रश्शातून वगळलेलं सगळं तिखट तिच्या जिभेवर येत असे. तिच्या पडवीत मी भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच पौषात हे माझ्या लक्षात आलं.

मी तेव्हा नुकतंच ट्रेनिंग संपवून तळेगावहून कामशेतच्या मुलींच्या शाळेवर आले होते. गावात एकट्या बाईला खोली द्यायला कुणी राजी नव्हतं. रुळांपलीकडे, कार्ल्याच्या अंगाला एक वाडी आहे, तिथं एक विधवा एकटीच राहते असं कळलं म्हणून विचारायला गेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न केला. "रातचं दिवा लावून वाचता का?"

मी हो म्हटलं.

"मग ऱ्हावा. मला अंधाराचं लय भ्या वाटतं."

अंधार सोडून दुसऱ्या कशाला ती भ्यालेली मी पुढं कधी पाहिली नाही. बुटकी, पायांत किंचित बाक असलेली, मिशरीनं दात काळे झालेली बाई. कमरेला एक किल्ली खोचलेली असे. घराला कुलूप नव्हतंच. किल्ली कशाची, असं विचारलं तर म्हणे, "कुलूप घेतलं की लागंल." चहाचा शेवटचा घोट ती कधी पीत नसे, कपाच्या तळाशी ठेवून देई. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार, "तळ दिसला की मन भरत न्हाई." तिच्या बहुतेक गोष्टींना अशी उत्तरं असत. ती ऐकताना पटत आणि शाळेच्या वाटेला लागलं की पटेनाशी होत.

तर त्या पौषातल्या सकाळी मी निघाले होते आणि चुलीवर मटण शिजत होतं. घरी लग्न नाही, गावात जत्रा नाही.

"मावशी, आज काय विशेष?"

"साह्यबाचं हाय."

"कुठल्या साहेबाचं?"

"त्या वरल्या." तिनं हनुवटीनं ओढ्यापलीकडचा उंचवटा दाखवला. "वाईच रस्सा चाखून जावा. मिरची लागली तर सांगा. हात मेला सवयीनं डब्याकडं जातो."

मी चाखला. मटण गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखं लागलं. छान झालंय, असं मी म्हणाले.

"छान न्हाई त्ये," ती म्हणाली. "पर त्याला ह्येच सोसतं."

पेशवाईत इंग्रजांची फौज घाट चढून पुण्यावर निघाली होती आणि आमच्याच पट्ट्यात मराठ्यांनी तिला कोंडीत धरलं, हे मी चौथीच्या मुलींना शिकवत असे. पुस्तकात सरदार होते, तह होता. ओढ्यापलीकडचा साहेब नव्हता. वाडीच्या सांगण्याप्रमाणे त्या धामधुमीत एक गोरा इथं पडला, आणि त्याला पाडणारा ठकूमावशीच्या सासरचा मूळपुरुष होता. तो बरकंदाज, म्हणजे बंदूकवाला. घराला अजूनही बरकंदाजाचं घर म्हणत. त्यानंच खड्डा खणून साहेबाला पुरलं आणि वर दगड रचले. पुढं त्याच्या घरात पोर जगेना. कुणा जाणत्यानं सांगितलं, तू त्याला त्याच्या माणसांतून उठवलंस, आता त्याला जेवू तूच घालायचं. पहिल्या वर्षी घरच्यासारखं झणझणीत वाढलं, कावळा शिवला नाही. पुढच्या वर्षी मिरची वगळली, तर शिवला. तेव्हापासून बरकंदाजाच्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला सासू हे बिनतिखटाचं मटण शिकवत आली.

"म्हणजे मारायचं पुरुषांनी आणि रांधायचं बायकांनी," मी म्हणाले.

"मग? मारणाऱ्याला रांधाया येतं व्हय?"

तो सोपस्कार मी पुढं कितीतरी वर्षं पाहिला. हिरड्याच्या झाडाखाली दगडांचा चौथरा होता. ती त्यावर आंबेमोहराचा भात, रस्सा आणि भाकरी ठेवी, पाणी फिरवी, आणि मग साहेबाशी बोले. हात जोडून वगैरे नाही. उशिरा घरी आलेल्या दिराशी बोलावं तसं. "घे. जेव. घाई करू नगंस, तुला कुटं जायाचंय. औंदा भाताला कीड पडली, म्हून भाकरी वाईच जास्त हाय. नाक मुरडू नगंस." कावळा उतरला की ताट तिथंच सोडून घरी येई आणि स्वतः मात्र ठेचा आणि भाकरी खाई. ते मटण तिला घशाखाली उतरत नसे.

तिचा नवरा पहिल्या जर्मन लढाईत तुर्कांशी लढायला बसऱ्याकडं गेला आणि तिकडंच राहिला. मूल नव्हतं. तार आली, आणि बऱ्याच दिवसांनी सरकारकडून बशीएवढी एक जड, तांबूस पितळी तबकडी आली. तिच्यावर एक बाई आणि एक सिंह होता आणि कडेला चौकटीत इंग्रजी अक्षरांत नवऱ्याचं नाव. ठकूमावशीनं ती ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवली होती. बरोबर बसत होती. मांजराला काही ती सरकवता येत नसे.

एकदा ताक घेताना मी ती तबकडी पुसून नीट पाहिली. तेव्हा ती सहज म्हणाली, "तितं बी कुनीतरी वाढत आसंलच की."

"कुठं?"

"बसऱ्याला. ज्यानं मारलं त्याच्या घरची बाई. तिला आपल्या मानसाचं तोंड म्हाईत न्हाई, मला ह्या साह्यबाचं म्हाईत न्हाई. पर वाढावं लागतंच ना." मग म्हणाली, "येवढंच वाटतं, तिला तिखटाचं ठावं हाय का न्हाई. ह्यांना सपक जात न्हाई."

मी म्हणाले की पितृपंधरवड्यात दिराच्या घरी त्याच्या नावानं पान वाढतातच.

"ते घरचं. घरचं मानूस कुनीबी वाढतं. मारणाऱ्यानं वाढल्याबिगर मेल्याचं पोट भरत न्हाई. आमच्या घरात येवढं तरी शिकलोय."

तुर्कांमध्ये अशी चाल आहे की नाही, याची माहिती ट्रेनिंग कॉलेजात दिली नव्हती. मी ताक घेतलं आणि पडवीत आले. आणि खरं सांगायचं तर तिला खोडून काढावं असं मला वाटलं नाही. एक बाई इथं रांधते, एक बाई तिथं रांधते, दोघींची ओळख नाही, दोघींचा हिशेब मिटलेला. बऱ्याच तहांपेक्षा हे मला जास्त नीटनेटकं वाटलं होतं.

घोळ सुरू झाला तो सरकारनं साहेबाची आठवण काढल्यावर. तोवर इतकी वर्षं त्याला ठकूमावशीखेरीज कुणी विचारत नव्हतं. पुण्याचा कुणी मोठा गोरा अधिकारी शिकारीला आला असताना त्यानं तो चौथरा पाहिला, चौकशी केली आणि डागडुजीचा हुकूम सोडला. त्याच सुमारास गावची चावडी पाडून नवी बांधायची होती. जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती, या गावचे किती लोक महायुद्धात लढायला गेले आणि किती कामी आले, एवढा आकडा सांगणारी. नावं नव्हती. ती पाटी आता कुठं लावायची, हा प्रश्न होता. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की साहेबाच्या चौथऱ्यालाच लावावी. म्हणजे आमच्या लोकांनी मारलेल्या इंग्रजाच्या पायाशी, इंग्रजांसाठी मेलेल्या आमच्या लोकांची पाटी. मी हे दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी वाक्य व्याकरणाला धरून होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

समारंभाला मांडव घातला. माझ्या मुलींना स्वागतगीत म्हणायला नेलं. हवालदार आबा छातीवर पदकं लावून आले. हे आबा ठकूमावशीच्या नवऱ्याच्या पलटणीतले, बसऱ्याहून परत आलेले. एका कानानं ऐकू येत नसे, आणि तो कान ते बरोबर नको असलेल्या माणसाकडे करून बसत. गोऱ्या अधिकाऱ्यानं भाषण केलं, मामलेदारांनी मराठीत सांगितलं. एके काळी आपण समोरासमोर उभे होतो, पुढं खांद्याला खांदा लावून लढलो, या दगडाखालच्या शिपायाला आज आनंद होत असेल. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण कुणाविरुद्ध लढलं आणि कोण कुणासाठी, याचा मागच्या रांगेत बराच वाद चाललेला मला ऐकू येत होता.

मग ठकूमावशीला पुढं बोलावलं. मामलेदारांनी विचारलं, "बाई, मालकांचं नाव सांगा."

ती खाली बघत उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं.

"अहो, नाव."

शेवटी हवालदार आबाच म्हणाले, "हैबती, सायेब. माझ्याच पलटणीतला."

अधिकारी सभ्य माणूस होता. बाईंना काही म्हणायचं आहे का, असं त्यानं विचारलं. ठकूमावशीनं मान वर केली. "ह्यांना ज्यानं मारलं त्याचं घर कुटलं, येवढं इचारा."

मामलेदारांची पंचाईत झाली. माझं इंग्रजी बेताचं असलं तरी एवढं कळलं की ही बाई आपल्या शूर पतीच्या शत्रूविषयी बोलते आहे, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं छातीवर हात ठेवला आणि सावकाश उत्तर दिलं. मामलेदार म्हणाले, "साहेब म्हणतात, तुर्क आता आपले दोस्त आहेत. मनात काही ठेवू नका."

"दोस्त झालं?"

"झाले."

"मग वाढत्याल," ती समाधानानं म्हणाली, आणि अधिकाऱ्यानं दिलेला नारळ घेऊन जागेवर येऊन बसली. मामलेदारांनी ते साहेबाला काय म्हणून सांगितलं कोण जाणे. त्यानं टोपी काढली.

ती परतली ती खुशीत. सरकारी माणसानं खुद्द सांगितलं होतं. पुढची काही वर्षं तिनं तो विषय काढला नाही.

मग दुसरी लढाई लागली. माझ्याकडं वर्तमानपत्र येई, त्यामुळं संध्याकाळी हवालदार आबा पडवीत येऊन बसत आणि ठकूमावशी आतून विचारी, "सध्या आपलं कुनाशी हाय?" हा तिचा रोजचा प्रश्न. पाऊस आहे का, असं विचारावं तसा.

"जर्मनांशी," मी सांगे.

"ते मागल्यांदाबी व्हतं. आनि?"

"इटलीशी."

"आरं, इटली आपल्याकडं व्हती की," आबा म्हणत. "मी सोता बघितलेत."

"आता पलीकडं आहे."

"आनि जपान?"

जपान मागच्या लढाईत आपल्या बाजूला होता आणि आता नाही. रशिया आधी जर्मनांशी गोडीत होता आणि आता आपल्या बाजूला. पुढं इटली परत आपल्या बाजूला आली, तेव्हा आबांनी चांगला कान माझ्याकडून काढून घेतला. "बाई, तुमी कायतरी चुकीचं वाचताय," ते म्हणाले. आणि "आपल्या" म्हणजे नेमकं कुणाच्या, हे तर मी कुणाला विचारलंच नाही. आमच्या शाळेतले जोशी मास्तर तोच प्रश्न विचारून पुढं तुरुंगात जाऊन आले.

अशाच एका संध्याकाळी ठकूमावशीनं विचारलं, "आनि तुर्क?"

"तुर्क कुणाकडंच नाहीत. बाजूला बसलेत."

"बसऱ्यातच ना?"

आबा हसले. "तुर्क बसऱ्यातनं कवाच गेला. लढाई हरला आन आपल्या मुलखाला निगून गेला. तितं आता आरब हाईत. राजा निराळा, राज्य निराळं."

ठकूमावशी पिठाच्या हातानं बाहेर आली. "बाई, व्हय?"

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुना होता, त्यात बसरा तुर्कांच्याच रंगात होतं. पण माझ्याजवळ नवा ॲटलास होता. मी तो उघडला. बसरा इथं, तुर्कस्तान तिथं, मधे वीतभर अंतर. तिनं पिठाचं बोट एकावर ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"म्हंजे मारणारा उठून गेला."

"गेला."

"आनि ह्ये तितंच."

ॲटलासवर पिठाचे दोन ठसे राहिले. तिनं त्या संध्याकाळी चहा तळापर्यंत प्यायला. मला वाटतं, तिच्या लक्षातच आलं नाही.

त्यानंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. कामं तीच, बोलणं तेच. फक्त मध्येच, काही संदर्भ नसताना, प्रश्न येई. "तुर्काच्या मुलखातनं बसऱ्याला वरसातनं येकदा येत आसत्याल का?" "आगगाडी हाय का मधे?" "तितल्या आरबांना सांगून गेली आसत्याल का, आमचा येक हाय, बघा म्हून?" मी शक्य तेवढी खरी उत्तरं देई. आगगाडी आहे म्हणे, मी सांगितलं. बाकीचं मला माहीत नाही. ती म्हणाली, "आमचं घर वाडी सोडून कंदी गेलं न्हाई ते ह्याच्यासाटीच. पलेगात सगळी रानात पांगली, दीर ममईला बोलवत व्हता. सासू म्हनली, साह्यब उपाशी मरंल."

"साहेब मेलेलाच आहे, मावशी."

"म्हून तर. जित्याला कुनीबी घालतं."

तेवढ्यात तिचा पुतण्या महिपती, धाकट्या दिराचा मुलगा, पलटणीत भरती झालेला, निरोप घ्यायला आला. त्यांना बोटीनं नेणार होते, आणि बोलवा होती बसऱ्याकडची. ठकूमावशीनं दोन दिवस मिरच्या कुटल्या. मला शिंका येऊन वह्या तपासता येईनात. तिखटाची पुरचुंडी तिनं फडक्यात, वर पुन्हा मेणकापडात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"तितं चुलत्याला ज्यानं मारलं त्याचं घर इचार. घरात कुनी बाई आसंल तिला ह्ये दे. म्हनावं, वाढताना घाल."

महिपती गोंधळला. "काकी, येवढ्या मुलखात कुनाला इचारू?"

"कुनालाबी. आपल्याकडं बरकंदाजाचं घर इचारलं तर पोरगंसुद्धा दाखवतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वह्या मोजायला लागले. तो पुरचुंडी घेऊन गेला.

चलेजावच्या चळवळीचा पौष आला. वातावरण तापलेलं होतं. चौथऱ्याच्या संगमरवरी पाटीला कुणीतरी डांबर फासलं होतं. जोशी मास्तर आणि त्यांच्याबरोबरचे वाडीतले चार-सहा तरुण सकाळीच मावशीच्या दारात येऊन उभे राहिले. मास्तर माझे सहकारी. माणूस प्रामाणिक, पण बोलायला लागला की फळ्यासमोर उभा असल्यासारखा.

"ठकूबाई, आज साहेबाला ताट द्यायचं नाही. ज्यांनी देश गुलाम केला त्यांच्यातलाच तो एक."

"आमी मारला की त्याला," ती म्हणाली. "आनि काय करू?"

"मारलात ते उत्तम केलंत. पूजा कशाला?"

"पूजा कुटं करतीया? हळदकुंकू दिसतंय का? जेवायला घालतीया."

"अहो, शत्रूला का जेवायला घालायचं?"

"मास्तर, जित्या साह्यबांना हाकला तुमी. मी आडवी येते का? हाकला, लय माजलेत. पर ह्याला हाकलून कुटं घालवनार? ह्यो मेलाय. आनि आज मी न्हाई वाढलं, तर तितं तरी माज्या मानसाला कुनी का वाढावं?"

मास्तरांना त्या बाजूचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "ते लांबचं आहे, मास्तर. सवडीनं सांगीन." कुणाचं काय अडतंय ते कुणालाच नीट कळेना. मास्तर वाटेत उभे, तरुण त्यांच्यामागं, आणि मावशी डोक्यावर भात-भाकरीची टोपली आणि हातात रश्शाचं पातेलं घेऊन दारात. पातेलं जड होतं आणि तिचं वय झालं होतं. उंबरा उतरताना तिचा तोल गेला, तशी त्या तरुणांपैकी एकानं झटकन पुढं होऊन पातेलं धरलं. त्याच्या दुसऱ्या हातात झेंडा होता.

"आता धरलंच हाईस तर चाल," ती म्हणाली.

तो चालू लागला. पुढं मावशी, मागं एका हातात झेंडा आणि एका हातात इंग्रजाचं मटण घेतलेला तो, त्याच्या मागं बाकीचे. आणि सगळ्यांत शेवटी जोशी मास्तर, काय करावं हे न सुचून. चौथऱ्याशी गेल्यावर त्यांनी घोषणा दिल्या. कावळे उडाले. मावशी म्हणाली, "झालं का तुमचं? आता गप बसा, त्याला जेवू द्या." ते गप्प बसले. मास्तरांना पंधरा दिवसांनी पकडून नेलं. त्याचं कारण वेगळं होतं.

लढाई संपल्यावर महिपती परत आला. पहिल्यांदा तो मलाच शाळेत भेटला, काकीला काय सांगू म्हणून. मी म्हटलं, जे झालं ते सांग. मी असते तिथं.

संध्याकाळी घरी त्यानं सांगितलं. तिकडं आपल्या लोकांची मोठी दफनभूमी आहे, दगडांच्या रांगाच्या रांगा. चुलत्याचा दगड सापडला नाही. असेल किंवा नसेलही. एक म्हातारा अरब तिथं झाडलोट करतो, झाडांना पाणी घालतो.

"त्यो मारणाऱ्याच्या घरचा?" ठकूमावशीनं विचारलं.

"न्हाई, काकी. कुनाच्याच घरचा न्हाई. पगारी हाय. आपलंच सरकार, म्हंजे इंग्रज, त्याला पगार देतंय."

"आनि तिखट?"

महिपतीनं मान खाली घातली. "निम्मं बोटीवर आमीच खाल्लं. तितलं जेवान तोंडात घालवत नव्हतं. उरलेलं त्या म्हाताऱ्याला दिलं. त्यानं वास घेतला, शिंकला आनि ठिवून दिलं."

तिनं कमरेची किल्ली चाचपली. मग मला म्हणाली, "बाई, पगारी मानसानं केलेलं पोचतं का?"

"मी पगारीच आहे," मी म्हणाले. "शिकवलेलं पोचतं की पोरींना."

तिनं ते मनात फिरवून पाहिलं. "समद्यास्नी?"

"सगळ्यांना नाही."

"तेच ते," ती म्हणाली.

इंग्रज गेले. श्रावणात झेंडे लागले, पेढे वाटले, जोशी मास्तरांना हार घातला. आणि पौष आला. वाडीत म्हणू लागले की आता साहेबाचं बंद करायला हरकत नाही, त्याचं राज्यच उठलं. ठकूमावशी तेव्हा थकली होती. डोळ्यांना कमी दिसे, आणि ओढा उतरायला हात द्यावा लागे. तिनं कुणाचं ऐकलं नाही, कुणाशी भांडलीही नाही. सकाळी मला म्हणाली, "बाई, आज शाळेला उशीर झाला तर चालंल का? दोन पातेली हाईत."

मी विचारलं, "दोन कशाला?"

"चला तर."

आम्ही चौथऱ्याशी गेलो. तिनं नेहमीसारखं साहेबाचं पान वाढलं, भात, बिनतिखटाचा रस्सा, भाकरी. मग दुसरं पातेलं उघडलं. तिखटाच्या वासानं माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पदराखालून तिनं ताकाच्या गाडग्यावरची ती पितळी तबकडी काढली. राखेनं घासून लखलखीत केलेली. तिच्यावर तिनं भात ठेवला, कडेला, नावाची चौकट उघडी राहील असा. त्यावर लाल रस्सा ओतला आणि ती तबकडी साहेबाच्या पानाच्या शेजारी ठेवली.

"ही तुजी न्हाई," ती साहेबाला म्हणाली. "हिला त्वांड लावू नगंस, जळशील. तुज्याच सरकारनं नेलं ह्यांना. तुला वाट ठावी हाय. मला नाव घेता येत न्हाई, पर कडंला तुज्याच अक्षरात हाय, वाच. आनि नीट पोचती कर. पगारी मानसाच्या हाती देऊ नगंस."

शाळेच्या घंटेची वेळ होत आली होती.

हिरड्यावरून एक कावळा उतरला. दोन्ही पानांकडं मान वाकडी करून पाहिलं त्यानं, आणि टुणटुणत साहेबाच्या भाताकडं निघाला. ठकूमावशीनं चटकन वाकून साहेबाचं पान उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.

"अंहं. आधी ह्ये. मग तू," ती साहेबाला म्हणाली.

"मावशी, मी निघू?" मी विचारलं.

"निगा. पोरी खोळंबल्या आसत्याल. ह्याला वाईच येळ लागंल, बसरा लांब हाय."

ओढा ओलांडून वर आल्यावर मी एकदा मागं वळून पाहिलं. चौथऱ्याच्या कडेला ती पाठ ताठ करून बसली होती. मांडीवर साहेबाचं ताट होतं आणि त्यावर तिनं दोन्ही हात झाकणासारखे धरले होते. कावळा पितळी तबकडीपाशी उभा होता. अजून शिवला नव्हता.